‘माल चढवून अडवणूक केली’ या अभिप्रायाला घरसामान हलवणाऱ्या कंपनीच्या मालकाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय शनिवारी रात्रीच वाचला. तेव्हाच लिहायला बसलो होतो, पण रागात भलतंच लिहिलं गेलं असतं म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

आधी आमच्या चुका. गाडी आठला यायची ती सव्वानऊला आली. पलंगाच्या बोल्टांची पिशवी नव्या घरी पोचलीच नाही आणि पहिली रात्र तुम्हाला गादी जमिनीवर टाकून काढावी लागली. मनापासून माफी मागतो. पिशवी गाडीच्या केबिनमध्ये सीटमागे सापडली आहे.

आता ज्या वाक्याने माझी झोप उडाली ते. तुम्ही लिहिलंत, "कोटेशन एक, बिल भलतंच. माल गाडीत चढवला आणि मग पैसे वाढवून अडवणूक केली." सर, सामान हलवण्याच्या धंद्यात याहून वाईट आरोप नाही. असं करणारे आहेत, नाही म्हणत नाही. घर न बघता फोनवर दोन मिनिटांत स्वस्त आकडा सांगायचा आणि अख्खा संसार गाडीत गेला की तो फुगवायचा. म्हणूनच आम्ही सर्व्हेशिवाय कोटेशन देत नाही. तुमचा सर्व्हे मी स्वतः केला, व्हिडिओ कॉलवर, २२ मिनिटं. यादीत ३४ खोकी आणि मोठं सामान आलं. तेवढ्याला १४ फुटी गाडी पुरते.

पण त्या कॉलवर बेडरूमचा माळा दिसलाच नाही. मी विचारलं होतं, "वर काही आहे का?" तुम्ही म्हणालात, "किरकोळ आहे, जाईल त्यातच." ते किरकोळ शनिवारी खाली उतरवलं तर त्याची १९ खोकी झाली. वर एक पत्र्याची ट्रंक, व्यायामाची सायकल आणि दोन घडीच्या खाटा. टीव्हीच्या जुन्या खोक्यात तुम्ही पुस्तकं भरून ठेवली होती, ते उचलताच तळ सुटला. (पुस्तकांना लहान खोकंच लागतं, पण ते असो.) आमच्या मुलांनी जिन्यात बसून ती पुन्हा तीन खोक्यांत लावली. त्याचा एक पैसा बिलात नाही, तपासून बघा.

एवढं सगळं त्या गाडीत मावणार नव्हतं. पहिलं खोकं गाडीत जाण्याआधी सुपरवायझरने तुम्हाला विचारलं: दुसरी लहान गाडी मागवू, की माळ्यावरचं नंतर नेऊ? तुम्ही फोनवर बोलत होतात, हातानेच "करा, करा" म्हणालात. बिलातली वाढ म्हणजे ती दुसरी गाडी, तिच्यावरची दोन माणसं आणि जादा खोक्यांचं पॅकिंग, एवढीच. अडवणूक करायची असती तर पैसे हातात पडेपर्यंत गाडीचं दार उघडलं नसतं. तुमचं शेवटचं खोकं घरात गेल्यावर बिल दिलं. वाढीव रक्कम आजही आलेली नाही, आणि त्यासाठी मी तुम्हाला एकदाही फोन केलेला नाही.

हां, सुपरवायझरने वाढीव आकडा तोंडीच सांगितला, नव्या यादीवर तुमची सही घेतली नाही. घ्यायला हवी होती. यापुढे लेखी काहीतरी ठरवतो, आणि गाडी वेळेवर निघेल हेही बघतो.

बाकी जे हे वाचत आहेत त्यांनी आमच्याकडे या किंवा दुसरीकडे जा, पण घर बघून, मोजून केलेली यादी हातात घेतल्याशिवाय होकार देऊ नका. कोटेशनमध्ये काय धरलंय आणि काय नाही, मजले, लिफ्ट, विमा, सगळं विचारा. स्वतः भरलेलं खोकं फुटलं तर विमा बहुतेक वेळा लागू होत नाही, तेही विचारून ठेवा. आणि माळा दाखवा.

सर, आमचा मुलगा उद्या संध्याकाळी बोल्ट घेऊन येईल, पलंगही तोच जोडून देईल. पाना त्याच्याकडे आहे. वाढीव रकमेचं समोर बसून बोलू. दुसऱ्या गाडीचं भाडं मात्र मी त्याच दिवशी खिशातून दिलंय, तेवढं लक्षात असू द्या. स्टार हवा तर एकच ठेवा. "अडवणूक" हा शब्द तेवढा काढा. काल एका बाईंनी तो वाचून ठरलेलं बुकिंग रद्द केलं.