28 चा दावा, 17 चं ॲव्हरेज आणि मधला हिशेब

नाशिककर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण आकड्यांसकट आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. शहरात रोज गाडी काढणाऱ्याला हायब्रिड परवडते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही लिटरला 28 किलोमीटरचा दावा असलेली स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीवरची मोटर, आणि ती एकटीही गाडी ओढू शकते) घेतली आणि ती समृद्धी महामार्गावर 17 देतेय. त्यामुळे एआरएआयचा (गाड्यांची अधिकृत चाचणी करणाऱ्या संस्थेचा) आकडा म्हणजे थाप, घाट उतरताना बॅटरी फुकट चार्ज होते हे थोतांड, युरोपात तर हायब्रिड गाड्या दाव्याच्या साडेतीनपट पेट्रोल पितात हे सिद्ध झालंय, आणि मी कंपन्यांची तळी उचलतो. शेवटी विचारलंय की ही विकून डिझेल घेऊ का.

तळी उचलण्याचं आधी मिटवू. कुठल्याही कंपनीनं मला आजवर साधं किचेनसुद्धा दिलेलं नाही. तुमच्या गाडीचं नाव मात्र मी इथे घेत नाही, कारण ही तक्रार एका मॉडेलची नाहीच.

आता 28. हा आकडा रस्त्यावर काढतच नाहीत. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे जागच्या जागी पळवतात. आपल्याकडच्या या चाचणीला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. सगळा मामला सुमारे 20 मिनिटांचा, अंतर 11 किलोमीटरच्या आत, आणि एसी बंद. खर्च झालेलं पेट्रोल मापानं मोजत नाहीत. सायलेन्सरमधून निघालेल्या वायूंमधल्या कार्बनवरून गणित करून काढतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या चाचणीत वेग 90 च्या वर जातच नाही. तुम्ही सिन्नरजवळून समृद्धीला लागता आणि तिथून 120 वर क्रूझ लावता, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ज्या परीक्षेत गाडीला 28 मिळाले, तिच्यात तुमचा प्रश्न विचारलेलाच नव्हता.

याला थाप म्हणायचं का? मी म्हणणार नाही. सगळ्या गाड्या एकाच मापानं मोजाव्यात म्हणून ही चाचणी आहे, आणि तेवढ्यापुरती ती ठीक आहे. जाहिरातीत तोच आकडा ठळक छापतात आणि चाचणीची अट मुंगीएवढ्या अक्षरांत, हा चावटपणा आहे, यात वाद नाही. अमेरिकेनं 2008 च्या मॉडेलपासून आपली पद्धत बदलली. जोराचा वेग, एसी आणि थंडी, तिन्ही हिशेबात धरायला लागले. त्याबरोबर टोयोटा प्रियसचा शहर आणि हायवे मिळूनचा आकडा गॅलनला 55 मैलांवरून 46 वर आला. आपल्या भाषेत लिटरला 23.4 वरून 19.6. गाडीचा एक स्क्रूही बदललेला नव्हता. आपल्याकडेही एसी चालू ठेवून मोजलेला दुसरा आकडा शोरूममध्ये लावायला लावला, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

युरोपचं तुम्ही लिहिलंय ते अर्धं खरं आहे, आणि तो अर्धेपणा महाग पडणारा आहे. युरोपियन कमिशनचा मार्च 2024 चा अहवाल आहे. 2021 साली नोंदणी झालेल्या गाड्यांमध्ये बसवलेल्या मीटरांवरून प्रत्यक्ष खप काढला होता. साडेतीनपट फरक निघाला तो प्लग-इन हायब्रिडचा, म्हणजे ज्यांना घरी वायर लावून चार्ज करायचं असतं त्या गाड्यांचा. लोक त्या चार्ज करतच नाहीत, पेट्रोलवरच हाकतात, आणि कागदावरचा आकडा मात्र भरपूर चार्जिंग गृहीत धरून काढलेला असतो. त्याच अहवालात पेट्रोल गाड्यांचा फरक सुमारे 24 टक्के आहे आणि डिझेलचा 18. तुमच्या गाडीला प्लगच नाही. साडेतीनपटीचा आकडा तिच्या माथी मारू नका. (उलटा गोंधळही आपल्याकडे आहेच. 2015 पासून माइल्ड हायब्रिडवाल्यांनीही मागच्या दारावर बिल्ले लावून घेतले. त्यात मोटर इंजिनाला नुसता हात देते, एकटी गाडी ओढत नाही.)

आता खरा मुद्दा. आपण सगळे "लिटरला किती देते" असं विचारतो, आणि हायब्रिडच्या बाबतीत हाच प्रश्न घोळ घालतो. 100 किलोमीटरला किती लिटर लागतं, असं उलटं मांडून बघा.

मारुती ग्रँड व्हिटाराचे 2022 चे अधिकृत आकडे घेतो, कारण एकाच गाडीत दोन्ही पर्याय मिळतात. स्ट्राँग हायब्रिड 27.97, माइल्डवाली ऑटोमॅटिक 20.58. म्हणजे 100 किलोमीटरला 3.58 लिटर आणि 4.86 लिटर. कागदावर फरक सव्वा लिटरच्या किंचित वर. आता शहरात आणू. शहरांतलं ट्रॅफिक मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या 2024 च्या यादीत पुण्यात 10 किलोमीटरला सरासरी 33 मिनिटं लागली, म्हणजे ताशी 18. अशा रस्त्यावर समजा हायब्रिडचं 28 चं 22 झालं आणि साध्या, म्हणजे माइल्डवाल्या ऑटोमॅटिकचं साडेवीसाचं 15. दोघींची सारखीच नाचक्की झाली असं वाटतं. पण लिटरात बघा. हायब्रिडला लागले 4.55, साधीला 6.67. फरक सव्वावरून दोन लिटरच्या वर गेला! दावा खोटा पडला आणि बचत वाढली, दोन्ही एकाच वेळी. हायब्रिडवाले चिडलेले आणि खूश असे दोन्ही प्रकारचे भेटतात त्याचं कारण हे.

अर्थात ही जादू ट्रॅफिकमधली आहे. वारंवार ब्रेक लागतात तिथे एरवी ब्रेक पॅड तापवण्यात वाया जाणारी ताकद मोटर परत घेते, आणि गाडी सरपटते तेव्हा इंजिन बंद ठेवून बॅटरीवर ढकलते. समृद्धीवर ब्रेक कुठे लागतो? 120 वर एकसारखी गाडी चालली की परत घ्यायला काही शिल्लकच नसतं. उरतं ते हवेशी भांडण, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 90 चे 120 केलेत की तो पावणेदोन पटीच्या वर जातो. तिथे मोटर आणि बॅटरी हे बहुतांशी वाहून न्यायचं सामान असतं.

पैशांत मांडतो. पेट्रोल 105 रुपये धरा आणि हायब्रिडसाठी मोजलेली जादा रक्कम दोन लाख. वरच्या शहरी हिशेबानं 100 किलोमीटरला साधारण 222 रुपये वाचतात, म्हणजे नव्वद हजार किलोमीटरला पैसे वसूल. आता हायवेवर हायब्रिडला 18 आणि साधीला 16 धरा. वाचले 73 रुपये. वसुलीला पावणेतीन लाख किलोमीटर! तोवर गाडीचं काय होईल ते सांगायला नको. शिवाय शहरातसुद्धा महिन्याला चारपाचशे किलोमीटरच होत असतील, तर नव्वद हजार गाठायला निदान पंधरा वर्षं जातील, तेव्हा अशांनी हायब्रिडच्या नादी लागू नये. पैशांसाठी तरी नाही. (बॅटरीची भीती मात्र सोडा. तिला टोयोटा-मारुती 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात.)

घाटाचं थोतांड नाही, पण ते फार फुगवून सांगितलं जातं हे तुमचं खरं. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट दीड टनाची गाडी तेवढी खाली आली की सव्वादोन युनिट वीज होईल एवढी ऊर्जा सुटते. युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलातलंच. त्यातली काही हवेत आणि टायरमध्ये जाते. उरलेली साठवायला या वर्गातल्या गाडीची बॅटरी केवढी? 0.76 युनिट, आणि तीही गाडी पूर्ण भरू देत नाही की पूर्ण रिकामी करू देत नाही. म्हणजे अर्धा घाट उतरेपर्यंत तिचं पोट भरतं. मग स्क्रीनवर बॅटरीच्या कांड्या वरपर्यंत हिरव्या होतात आणि एकदम इंजिनाची घरघर सुरू होते. पेट्रोल जळत नसतं. जागा संपली म्हणून गाडी इंजिन नुसतं फिरवून वेग आवरत असते. बरेच जण तिथे "बिघडली की काय" म्हणून दचकतात.

एसीचंही तसंच. या गाड्यांमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असूनही गार हवा येत राहते. पण मे महिन्यात तापलेली गाडी गार करायला तो तासाला एक-दीड युनिटच्या हिशेबानं ओढणार आणि बॅटरीचं पिंप पाऊण युनिटाचं. थोड्याच वेळात उभ्या गाडीत इंजिन सुरू होतं, फक्त बॅटरी भरायला. त्यात दूधभाजीला एक-दोन किलोमीटर जाऊन परत, अशा फेऱ्या असतील तर विचारूच नका. थंड इंजिनाला आणि सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ताप येईपर्यंत गाडी इंजिन चालूच ठेवते, आणि तेवढ्यात घर येतं.

तुमच्या 17 बद्दल एक शंका. पडद्यावरचा आकडा बघून लिहिलात की टाकी टू टाकी, म्हणजे टाकी फुल करून, गाडी चालवून, पुन्हा फुल करून? पडदा सहसा गाडीच्या बाजूनं बोलतो. टाकी टू टाकी असेल तर पंपावरच्या पोराला आवरा. ऑटो-कट झाल्यावर तो राउंड फिगर करायला पुन्हा नोझल दाबतो, टक, टक, टक, आणि लिटर-दीड लिटर आणखी ढोसतो. एका भरण्यात तेवढा फरक पडला की ॲव्हरेज एखाद्या किलोमीटरनं इकडे-तिकडे होतं. पहिल्या कटला थांबवायचं, तोच पंप, जमलं तर तेच मशीन, आणि तीन-चार टाक्यांची बेरीज. शिवाय ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहेच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे आता कुठल्याही पेट्रोल गाडीला थोडा फटका बसणारच. पण तो साध्या गाडीलाही बसतो; हायब्रिडच्या खात्यावर मांडू नका.

राहिला तुमचा प्रश्न. घेण्याआधी विचारला असतात तर महिन्याकाठी नाशिक-नागपूर करणाऱ्याला मी डिझेलच सांगितली असती. लांब पल्ल्याला, भरल्या गाडीत, अजून तिला तोड नाही. बीएस-6 (प्रदूषणाचे कडक नियम) डिझेलचा काजळीचा फिल्टर शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तुंबतो, पण तुमच्या रनिंगला तो हायवेवर आपोआप जळून साफ होत राहील.

पण आता विकून? नको. हायब्रिडचे जादा मोजलेले दोन लाख गेलेत, ते विकून परत येणार नाहीत. वर पहिल्या-दुसऱ्या वर्षात गाडी काढताना भावात जी कात्री लागते, आणि नव्या गाडीचा विमा आणि आरटीओचा टॅक्स पुन्हा भरावा लागतो, त्यात डिझेलची कैक वर्षांची बचत बुडेल. त्यापेक्षा समृद्धीवर क्रूझ 95 वर लावा. 120 ला हवेचा विरोध त्याच्या 1.6 पट असतो. सिन्नर ते नागपूर साडेपाचशेच्या आसपास धरलं तर पोचायला सव्वा तास जास्त लागेल, तेवढी तयारी असेल तर. आणि नाशिकमध्ये घरच्यांच्या फेऱ्यांना दुसरी गाडी वापरता असं लिहिलंय ना? ती उभी करा आणि शहरात हीच फिरवा. सीबीएस ते सातपूर संध्याकाळच्या गर्दीत ती किती देते, ते पहिल्या कटचा नियम पाळून मोजा आणि इथे टाका. 18 च्या खाली आली तर सर्व्हिस सेंटरला दाखवा. मग प्रश्न चाचणीचा नाही, तुमच्या गाडीचा आहे.