समुद्र शिकवा, पण पाय न भिजवता

शिक्षकहो, जागतिक महासागर दिन ८ जूनला येतो आणि त्याची आठवण सगळ्यांना ७ जूनला होते, यात खंत वाटून घेण्यासारखं काही नाही. कॅनडाने ही कल्पना १९९२ साली रिओच्या परिषदेत मांडली आणि संयुक्त राष्ट्रांनी तिला मान्यता दिली २००८ मध्ये. सगळ्या जगाला एक दिवस ठरवायला सोळा वर्षं लागली; तुम्हाला तर एका रात्रीत फक्त फळा रंगवायचा आहे. धोरण मात्र एकच पक्कं ठेवा. मुलांना समुद्राबद्दल उदंड प्रेम वाटलं पाहिजे आणि एकही प्रश्न पडता कामा नये. प्रेमाचा फोटो काढता येतो. प्रश्नाचा निघत नाही, शिवाय उत्तर द्यावं लागतं.

सुरुवात नकाशापासून करा. महासागर पाच, त्यांची नावं अमुक, गाळलेल्या जागा भरा, संपलं. अमेरिकेत २००५ च्या सुमारास काही शास्त्रज्ञ आणि शिक्षक एकत्र बसले आणि समुद्राबद्दल प्रत्येकाला किमान काय कळलं पाहिजे याची सात तत्त्वं त्यांनी लिहून काढली. त्यातलं पहिलंच असं की पृथ्वीवर महासागर एकच आहे, अवाढव्य आणि सलग. असलं काही वर्गात बोलू नका. महासागर एकच म्हटला की इथे टाकलेलं तिथे जातं हे ओघानंच आलं. जानेवारी १९९२ मध्ये उत्तर प्रशांत महासागरात एका जहाजावरून कंटेनर पाण्यात पडला आणि त्यातली सुमारे २८,८०० प्लास्टिकची खेळणी मोकळी झाली. पिवळी बदकं, लाल बीव्हर, निळी कासवं, हिरवे बेडूक. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती अलास्काच्या किनाऱ्याला लागू लागली आणि कर्टिस एब्समायर हे समुद्रशास्त्रज्ञ पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या मागावर राहून प्रवाहांचा अभ्यास करत राहिले. ही गोष्ट मुलांना फार आवडते, म्हणूनच ती सांगायची नाही. बदकापासून निघालेलं मूल प्रवाहापाशी पोचतं, प्रवाहापासून बंदरापाशी, आणि शेवटी आपल्या वर्गातली कचरापेटी कुठे रिकामी होते हे विचारतं. पाच म्हणजे पाच. ठाम राहा.

नकाशातला निळा रंगही एकसारखा ठेवा. त्या निळ्याखाली डोंगर आहेत, दऱ्या आहेत, असं कळलं की वर्ग हाताबाहेर जातो. कुणी म्हणेल, अमेरिकी भूशास्त्रज्ञ मेरी थार्पबाईंनी पाय न भिजवताच समुद्र समजून घेतला की! खरं आहे. १९५० च्या दशकात संशोधन जहाजावर बाईला जागा नव्हती, म्हणून जहाजांनी आणलेले खोलीचे आकडे त्या कचेरीत बसून कागदावर मांडत राहिल्या. अटलांटिकच्या मधोमध असलेल्या डोंगररांगेच्या माथ्यावर त्यांना लांबच लांब खोल खाच दिसली. पृथ्वीचा पृष्ठभाग तिथे फाकतो आहे याची ती खूण होती. सहकारी ब्रूस हीझेन यांनी आधी ती बायकी बडबड म्हणून उडवून लावली आणि नंतर मान्य केली. आदर्श म्हणून ही बाई अगदी कुचकामी. ती कोरडी राहिली हे ठीक, पण तिला शंका आली. समुद्रतळाचा आधुनिक पद्धतीने झालेला तपशीलवार नकाशा आजही जेमतेम पाव भागाहून थोडा जास्त आहे, हेही सांगू नका. उरलेलं काम कोण करणार, असं कुणीतरी विचारेल आणि वर त्याचे डोळे चमकतील.

आता प्रतिकृती. समुद्र हा थर्माकोलचाच करायचा असतो. थर्माकोल कापताना जे पांढरे मणी उडतात ते झाडून खिडकीबाहेर लोटा. पाऊस, गटार, नदी असा त्यांचा पुढचा प्रवास ते आपापला करतात. लाटांवर चमकी हवीच. चमकी म्हणजे बारीक कापलेलं प्लास्टिक, पण समुद्र लखलखला नाही तर परीक्षक गुण कुठून देणार? वर फ्लेक्सचा फलक लावा: ‘प्लास्टिकमुक्त समुद्र, आमचा निर्धार’. फलकाचा आकार निर्धाराच्या प्रमाणात असावा. कार्यक्रम झाल्यावर तो जिन्याखाली ठेवा. त्यावर वर्ष छापलेलं असल्यामुळे पुढच्या वर्षी उपयोग होत नाही, ही एक फार सोयीची गोष्ट आहे.

प्रतिकृतीत निळा देवमासा, समुद्रघोडा आणि डोक्यावर दिवा असलेला खोल पाण्यातला मासा शेजारीशेजारी ठेवा. सगळे जण निळ्या उजेडात हसतमुख दिसले पाहिजेत. प्रत्यक्षात २०० मीटरच्या खाली उजेड अंधुक होत जातो आणि १,००० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश अजिबात पोचत नाही. समुद्राची सरासरी खोली साधारण ३,७०० मीटर. म्हणजे प्रामाणिकपणे करायचं तर खोक्याचा बहुतेक भाग काळ्या कागदाने मढवायला हवा. तो दाखवून पालकांकडून कौतुक मिळवून बघा! त्यापेक्षा तळाशी खरे शंख-शिंपले चिकटवा. प्रत्येक मुलाला पिशवीभर आणायला सांगा. शंखात राहणाऱ्या खेकड्याला वाढत्या अंगासाठी रिकामे शंख लागतात, पण त्याची सोय आपण केलेलीच आहे. बाटल्यांच्या झाकणांत राहू लागलेले असे खेकडे लोकांनी पाहिले आहेत. प्रकल्पाचं नाव ‘सागरी जीवांचे संवर्धन’.

जीव निवडताना डोळे बघून निवडा. डॉल्फिन, कासव, सील. ज्याच्या डोळ्यांत पाणी काढता येतं तो जीव वाचवण्याच्या लायकीचा. वनस्पती प्लवकाला, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतिसदृश जीवांना, डोळे नसतात. पृथ्वीवरचं जवळजवळ निम्मं प्रकाशसंश्लेषण हे न दिसणारे जीव करतात. त्यांतला प्रोक्लोरोकॉकस तर एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, आणि तरी जगातला सगळ्यात मुबलक प्रकाशसंश्लेषी जीव. समुद्रशास्त्रज्ञ सॅली चिझम आणि त्यांचे सहकारी तो समोर आणेपर्यंत १९८० चं दशक उजाडलं. एवढं सगळं करूनही त्याला एका भित्तिपत्रकावर जागा मिळालेली नाही, आणि ते योग्यच आहे. वेशभूषा स्पर्धेत त्याचा पोशाख शिवणार कसा? त्याच्या वतीने एक घोषणा तेवढी द्या: ‘आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्र देतो.’ घोषणा झाली की लगेच बँड वाजवा. समुद्रात तयार होणारा बहुतेक ऑक्सिजन समुद्रातलेच जीव श्वसनात आणि कुजण्यात वापरून टाकतात, हवेतला साठा हा कोट्यवधी वर्षांची शिल्लक आहे, असा हिशेब कुणी मांडलाच तर घोषणेचं यमक जुळत नाही. प्लवक महत्त्वाचे आहेत ते अन्नसाखळीच्या मुळाशी आहेत म्हणून आणि कार्बन खोल पाण्यात नेतात म्हणून. पण ‘कार्बन नेतो’ यावर टाळ्या पडत नाहीत.

प्रवाळ ही वनस्पती आहे असं कुणी लिहिलं तर अर्धा गुण द्या. दगड आहे असं लिहिलं तरी अर्धा द्या. प्राणी आहे असं लिहिणाऱ्याने पुस्तकाबाहेरचं वाचलेलं असतं. त्याच्यावर लक्ष ठेवा.

किनारा-स्वच्छता हा आपल्या कार्यक्रमाचा कळस. त्यासाठी नवे टीशर्ट, नव्या टोप्या, नवे हातमोजे आणि प्रत्येकी पाण्याची एक बाटली लागते. परत येताना नेण्यापेक्षा जास्त कचरा आणला तर मोहीम यशस्वी. वाळूवर वाहून आलेलं समुद्री शेवाळसुद्धा ओरबाडून काढा. त्यात बारीक जीव राहतात, पक्षी ते टिपायला येतात, ते वाळू धरून ठेवतं वगैरे सगळं असेल, पण फोटोत ते घाणच दिसतं. कचरा मोजताना एकच माप वापरा, ते म्हणजे किलो. ओली वाळू झटकू नका.

इथे एका जुन्या चुकीबद्दल सावध करतो. १९८६ साली टेक्सासमध्ये किनारा-सफाई झाली तेव्हा तिथल्या स्वयंसेवकांनी नुसता कचरा उचलला नाही, काय काय सापडलं ते तक्त्यावर लिहूनही काढलं. पुढे ती मोहीम आंतरराष्ट्रीय झाली आणि तक्तेही देशोदेशी गेले. मग व्हायचं तेच झालं. वर्षानुवर्षं सिगारेटची थोटकं यादीत वरच्या जागी दिसू लागली आणि थोटकाचा फिल्टर कापसाचा नसून सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकचा असतो, हेही लोकांना कळलं. कचऱ्याला असं नाव-गाव मिळालं की त्याला कर्ताही मिळतो. किलोला कर्ता नसतो. ‘११० किलो’ या शब्दांकडे बघून कुठल्याही कारखान्याला, दुकानाला किंवा धूम्रपान करणाऱ्या प्रमुख पाहुण्याला अपराधी वाटत नाही. तक्ता, पेन्सिल आणि मोजणारं मूल हे त्रिकूट किनाऱ्यावर कधीच एकत्र येऊ देऊ नका.

प्रशांत महासागरातला कचऱ्याचा पट्टा ‘बेट’ म्हणूनच शिकवा. त्यावर उभं राहता येतं असं मुलांना वाटत असेल तर वाटू द्या. २०१८ च्या अभ्यासात त्याचं क्षेत्र १६ लाख चौरस किलोमीटर निघालं, तो आकडा फळ्यावर मोठा लिहा. पुढचा लिहू नका. त्याच अभ्यासात वजनाने ४६ टक्के माल मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला, आणि नगांच्या हिशेबाने बहुतेक तुकडे डोळ्यांत न भरण्याइतके बारीक. जाळ्यांचा विषय निघाला की तो ताटापर्यंत येतो. आपल्याला खलनायक म्हणून स्ट्रॉ पुरेशी आहे. स्ट्रॉला वकील नसतो, मतदारसंघ नसतो, आणि ती सोडणं म्हणजे काहीच न सोडणं.

मासे संपतात का, असं कुणी विचारलंच तर थोर विज्ञाननिष्ठ टी. एच. हक्सली यांचा दाखला द्या. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्य-प्रदर्शनात त्यांनी सांगितलं होतं की कॉड माशासारखी मोठी सागरी मासेमारी बहुधा कधी संपायची नाही. व्याख्यान तिथेच थांबवा. १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड इतका घटला की कॅनडाला मासेमारी थांबवावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांची रोजीरोटी गेली, हा धडा वर्गासाठी अडचणीचा आहे. त्यात साठ्याचा अंदाज चुकलेले तज्ज्ञ आहेत, रोजगार जाईल म्हणून कोटा कमी न करणारं सरकार आहे, ताकदवान ट्रॉलर आहेत, आणि मासे कमी होत चाललेत असं आधीपासून सांगणारे किनाऱ्यालगतचे लहान मच्छीमारही आहेत, ज्यांचं कुणी ऐकलं नाही. ‘चूक की बरोबर ते लिहा’ या प्रश्नात हे मावत नाही.

वेळापत्रक आखताना गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांची भेट होणार नाही अशी काळजी घ्या. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्लतेचं लॉगॅरिदमवर बेतलेलं माप, ते उतरलं की आम्लता वाढते) ८.२ वरून ८.१ वर आला, एवढं विज्ञानात सांगता येतं. शून्य पूर्णांक एक, मुलं जांभया देतात, तास संपतो. पण गणिताच्या बाईंनी त्याच दिवशी लॉगॅरिदम शिकवला तर एखादं पोर ताडकन सांगेल की म्हणजे आम्लता आणणारे हायड्रोजन आयन सव्वापटीहून जास्त झाले. नागरिकशास्त्रालाही यात ओढू नका. समुद्राचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग कुठल्याच देशाच्या हद्दीत येत नाही, त्याच्या जैवविविधतेसाठी २०२३ मध्ये करार झाला आणि तो जानेवारी २०२६ पासून लागू झाला, हे कळल्यावर मुलं आपल्या देशाने त्याचं काय केलं ते शोधू लागतात. समुद्र भूगोलातच बरा. ‘सागराचे महत्त्व थोडक्यात लिहा’, दोन गुण. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग दोन गुणांत बसवणं ही शिक्षणशास्त्राची मोठीच करामत आहे, तिला धक्का लावू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी फार काही नाही. निष्कर्ष आधी लिहा, निरीक्षणं नंतर जमतील तशी बसवा. ‘समुद्र आपला मित्र आहे’ हा निष्कर्ष कुठल्याही प्रयोगाला चालतो.

मुलांना यशाच्या गोष्टी मात्र चुकूनही सांगू नका, हे पुन्हा शिक्षकांसाठी. १९८६ पासून व्यापारी देवमासेमारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली आणि कुबड्या देवमाशांची संख्या अनेक ठिकाणी पुन्हा वाढली. ऐकायला छान आहे. पण दुःखी मूल सुंदर चित्र काढतं आणि गप्प बसतं. नियम केल्याने देवमासे वाचले असं कळलेलं मूल, नियम कोण करतं आणि त्यांचा पत्ता काय, हे विचारतं. म्हणून शेवटचा तास शपथेचा ठेवा. शपथ सामुदायिक असावी, म्हणजे ती नेमकी कुणी घेतली ते कळत नाही. अहवाल आदल्या दिवशीच लिहून तयार असू द्या. त्यात ‘विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ हे शब्द हवेत.

एवढी खबरदारी घेऊनही दर वर्गात एक मुलगी अशी निघतेच, जी शपथ चालू असताना विचारते की या फलकाचं उद्या काय करायचं. तिच्यावर रागावू नका. तिला पुढे बोलवा, कौतुक करा, फलकाची दोन्ही टोकं तिच्याच हातात द्या. दोन्ही हात गुंतले की हात वर करता येत नाही.