पिनकोड म्हणजे घराचा पत्ता नव्हे!

आज दुपारी ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे आपणच सगळ्यांनी मिळून भरायचा इंटरनेटवरचा नकाशा, उघडला आणि डोकंच फिरलं. बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारात रातोरात ढीगभर पत्ते उगवलेत. घर नंबर नाही, गल्लीचं नाव नाही, नुसतं ३९०००१. कुणीतरी पिनकोडची यादी उचलली आणि नकाशावर ओतून मोकळं झालं. काही ठिपके तर चक्क सूरसागर तलावाच्या पाण्यात पडलेत.

एवढं काय त्यात, असं म्हणणाऱ्यांनी माझ्या आत्याला भेटावं. वय ८२, एकटी राहते, डायबेटिस. मागे एकदा सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. लॅबच्या अ‍ॅपमध्ये पूर्ण पत्ता मी स्वतः भरलेला. अ‍ॅपने त्यातला पिनकोड तेवढा धरला आणि मुलगा जाऊन उभा राहिला रावपुऱ्यातल्या मोठ्या पोस्टासमोर. फोनवर एकच पालुपद, "मॅडम, मैं लोकेशन पे ही खड़ा हूँ." तोवर इकडे आत्याला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. शेजारच्या बेननी धावत येऊन तोंडात गूळ घातला म्हणून निभावलं.

पिनकोडवर माझा राग नाही. उलट अभिमान आहे. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आपल्या मराठी माणसाने, संस्कृतच्या पंडिताने तो आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो देशभर चालतोय. पण तो कशासाठी? पहिले तीन आकडे पत्राला सॉर्टिंगच्या जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टापर्यंत. तिथे त्याचं काम संपतं. पुढे पोस्टमन असतो. आत्याचा जिना वाड्याच्या मागून आहे, पुढचं दार कायम बंद असतं, हे आमच्या पोस्टमनला झोपेतही सांगता येईल. नकाशाला कोण सांगणार? आपणच ना?

कुणीतरी लगेच ब्रिटनचा दाखला देईल. मान्य. तिथे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेने २०१० मध्ये पोस्टकोडांचे मध्यबिंदू सगळ्यांना फुकट वापरायला दिले आणि तिथल्या मॅपर्सना त्याचा फायदा झाला. पण तिथल्या एका पोस्टकोडात सरासरी पंधराएक पत्ते असतात हो! आपल्या एका पिनकोडात अख्खे मोहल्ले बसतात. तो मध्यबिंदू घेऊन आत्याचं दार कसं सापडणार?

डिजिपिनचंही तेच. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणला, साधारण चार बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा कोड. चांगली सोय आहे, नाही म्हणत नाही. पण एकाच चौकोनात वर आत्या आणि खाली दुसरं बिऱ्हाड असेल तर घर नंबर लागतोच.

आणि तो नंबर घरी बसून मिळत नाही. आत्याच्या दारावरची पत्र्याची पाटी दर दिवाळीला दारासकट ऑइलपेंटखाली जाते. आकडे डोळ्यांना दिसत नाहीत, बोट फिरवलं की लागतात. असं दारोदार फिरून, विचारून, गल्लीचं नाव लिहून घेऊन मग शेवटी पिनकोड जोडा ना, कोण नको म्हणतंय?

ज्याने हे केलं तो बहुतेक कॉलेजातला मुलगा असेल. बडोद्याचा नकाशा रिकामा दिसला, भरावासा वाटला असेल. ती तळमळ मला कळते, माझीही तीच आहे. म्हणून त्याला झोडपू नका. मी त्याला निरोप टाकलाय: बाबा रे, इतका डेटा एकदम चढवायचा तर आधी बाकीच्या मॅपर्सशी बोलायचं असतं, हे ठिपके काढ आणि आमच्याबरोबर चल.

रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, सूरसागरपासून सुरुवात करतोय. दांडिया बाजारातल्या ज्यांना आपल्या वाड्याचा नंबर माहीत आहे त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवा. जिना पुढून की मागून, तेही लिहा.