पोलिसांचं तोंड कुणीकडे होतं?

नाशिकच्या पंचवटीत, मालेगाव स्टँडजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा विषय निघाला तो अर्थातच तपोवनाचा. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी तिथे उभारायचं साधूंचं साधुग्राम, त्यापायी झाडं तोडण्याचा वाद, निविदा हे सगळ्यांना पाठ, त्यामुळे त्यावर कुणी वेळ घालवला नाही. नाना थेट तत्त्वावर गेला. तत्त्व सांगायचं असलं की नाना आधी रुमालाने कट्टा झटकतो आणि मग बसतच नाही.

"राजसत्तेने धर्मसत्तेपुढे मस्तक झुकवलंच पाहिजे! इतिहास साक्षी आहे!"

"तुझा इतिहास साक्षीला बोलावला की पुढची तारीख मागतो," बापू म्हणाला.

बापू भूमी अभिलेखमधून निवृत्त. जन्मभर लोकांच्या बांधावर साखळी ओढली, त्यामुळे मोजता येत नाही ते त्याला पटत नाही.

धनू पुण्याहून शिकून आलाय. "फ्रान्सने १९०५ लाच कायदा केला. धर्म तिकडे, सरकार इकडे. संपला विषय."

"कुठला संपतोय?" बापू म्हणाला. "त्याआधी बांधलेली बहुतेक चर्च सरकारच्या नाहीतर नगरपालिकेच्या नावावर राहिली. पॅरिसचं ते मोठं चर्च २०१९ ला जळालं, तेही सरकारचंच. घोषणा कुणीही देईल रे, छप्पर कोण शाकारणार ते सांग." मग एकदम, "पांडवलेणी बघितलीस?"

"शाळेच्या सहलीत."

"म्हणजे डबा खाल्लास."

आणि बापू सुटला. तिथल्या शिलालेखांतला, दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या नहपान राजाचा जावई उषवदात. त्याने ब्राह्मणांना तीन लाख गायी दिल्या आणि बौद्ध भिक्षूंना लेणं दिलं. वर ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, व्याजाने ठेवले, भिक्षूंचा खर्च त्या व्याजातून. पुढचा सातवाहन राजा गौतमीपुत्र. त्याला लेखात 'एकब्राह्मण', म्हणजे एकमेव ब्राह्मण, म्हटलंय, तरी त्याच्या आईचं दान बौद्ध भिक्षूंनाच. "पण माझा आवडता लेख वेगळा," बापू म्हणाला. "हाच राजा गोवर्धनच्या, म्हणजे इथल्या, अमात्याला कळवतो, की भिक्षूंना आधी दिलेलं शेत कुणी कसत नाही, त्या गावात वस्तीसुद्धा नाही. सबब नगराच्या हद्दीवरची आमच्या मालकीची १०० निवर्तनं, हे तेव्हाचं जमिनीचं माप, एवढी जमीन द्या. बघा, तेव्हासुद्धा सरकारने पहिल्यांदा पडीकच दिली! पण लेखी कबूल केलं आणि बदलून दिली. एवढ्या सरळ झालेला फेरफार माझ्या नोकरीत मी पाहिला नाही. वर हुकूम असा, की त्या शेतात राजाच्या माणसांनी पाऊल टाकायचं नाही, मीठसुद्धा खणायचं नाही."

"हेच, हेच!" नानाने टाळी मागितली. कुणी दिली नाही. "द्यायचं, आणि लुडबूड करायची नाही!"

"नाना, त्र्यंबकला आधी बुडी कुणी मारायची यावरून शैव-वैष्णव एकमेकांना भिडले, तेव्हा पेशव्यांनी वैष्णवांना रामकुंडावर पाठवलं. ती लुडबूड झाली नसती तर तुझ्या पंचवटीत वैष्णवांचं स्नान कशाला झालं असतं?"

नाना पहिल्यांदा बसला.

"आणि लुडबूड नको म्हणणाऱ्यांचंही ऐक. इंग्रज म्हणायचे, आम्ही कुणाच्या धर्मात पडत नाही. २ मार्च १९३०, काळाराम मंदिर. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, हजारो माणसं. दारं बंद, आणि दारासमोर सरकारी पोलीस. मला एवढंच सांग, धर्मात न पडणाऱ्या त्या पोलिसांचं तोंड कुणीकडे होतं?"

अन्वरने कप खाली ठेवला. "पाठ दाराला, तोंड माणसांकडे."

"झालं तर."

हे मंदिर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पाच वर्षं सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही, आणि १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगून टाकलं. आमच्यापैकी निम्मे रोज त्या दारावरून जातात. नाना तर काठी टेकत आतही जाऊन येतो.

"म्हणून घटनेच्या २५ व्या कलमात दोन्ही आहे," बापू म्हणाला. "धर्म पाळायला मोकळीक, आणि सार्वजनिक मंदिरं सगळ्या हिंदूंना उघडी करायचा सरकारला अधिकार. नुसती मोकळीक दिली असती तर कुलूपवालेही तीच दाखवत बसले असते."

धनू २७ व्या कलमावर, म्हणजे कराच्या पैशावर येणार होता. त्याचा मुद्दा वाईट नव्हता, पण तेवढ्यात नाना पुन्हा उठला. "काही असो! मेळ्यात सरकारचं काय काम? साधू समर्थ आहेत!"

"असं? मग २०१५ च्या कुंभात गल्लीतली बॅरिकेड काढा म्हणून अर्ज घेऊन फिरत होतास तो कुणाकडे? आखाड्याकडे?"

कट्टा फुटला. नव्या पोरांना माहीत नसेल: नानाने तेव्हा भाविकांना विकायला पाण्याच्या बाटल्यांचे खोके ओटीवर रचले होते. बंदोबस्त असा कडक, की गल्लीत भाविक सोडा, नानाचा जावईसुद्धा आला नाही.

"आमच्या सत्यनारायणाला दोन वर्षं तेच पाणी प्यायलोय," अन्वर म्हणाला.

"दोन खोके अजून माळ्यावर आहेत," नाना हळूच म्हणाला.

"ठेव, ठेव," बापू म्हणाला. "२०२७ ला लेबल काढ आणि तीर्थ म्हणून वीक. सरकार धर्मात पडणार नाही."