कोकणातलं घर हिवाळ्यात आपोआप सांभाळलं जात नाही

दिवाळी सरत आली की गावाकडच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा: ‘कोकणात थंडी नावालाच, त्यामुळे घराची हिवाळ्यासाठी वेगळी तयारी लागत नाही. ओल आलेल्या भिंतींवर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारा. घर बंद ठेवायचं असेल तर दारं-खिडक्या घट्ट लावून घ्या. वाळवी थंडीत आपोआप मरते. छपराचं काम मे महिन्यात करा. आणि थंडी वाजलीच तर झोपायच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवा.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातला एकही सल्ला धड नाही. शेवटचा तर जिवावर बेतणारा आहे, म्हणून तो आधी घेतो.

निखारे धुमसतात तेव्हा त्यांतून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. जागं असलेल्या माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, तो उठून बाहेर तरी येतो. झोपलेल्याला काही कळतच नाही. यावर ‘आमची आजी जन्मभर चुलीशेजारी झोपली, तिला काय झालं?’ असं हमखास विचारलं जातं. आजीच्या डोक्यावर कौलं होती. कौलांच्या सांध्यांतून आणि भिंत-वाशांमधल्या फटींतून धूर जायचा, बाहेरची हवा आत यायची. आता वर स्लॅब आहे आणि खिडक्यांना सरकत्या काचा. त्या खोलीत शेगडी ठेवून दार लावून झोपू नका, लहान मूल घरात असेल तर अजिबात नाही. हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरचाही हाच धोका आहे. शेकायचं असेल तर शेकोटी खळ्यात, म्हणजे अंगणात करा, आणि आत गोधडी घ्या.

आता थंडीचं. किनाऱ्यावर जानेवारीतली पहाटसुद्धा फार बोचत नाही हे खरं. दापोलीला मात्र पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तिथल्या लोकांना ‘थंडी नावालाच’ हे कोणी सांगू नये. पण मेसेजची खरी चूक वेगळीच आहे. हिवाळ्याची तयारी म्हणजे थंडी अडवणं, असं त्याने गृहीत धरलंय. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चार महिने घर पाणी पितं. ते पाणी बाहेर पडायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी हवा लागते. हे दिवस वाया घालवले तर पुढचा पाऊस ओल्याच घरावर पडतो.

म्हणूनच रंगाचा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपतो. जांभा चिरा सच्छिद्र असतो. जुन्या घरांत चिरे मातीत किंवा चुन्यात बांधलेले असतात आणि वर चुन्याचा गिलावा. अशी भिंत ओल घेते तशी सोडतेही. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंग किंवा ऑइल पेंट चढवला की सोडायची वाट बंद होते. आतलं पाणी मग वर सरकतं, कुठेतरी बाहेर पडू पाहतं, त्याबरोबर क्षार पृष्ठभागाशी येतात, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, आणि रंगाला आधी फुगे येऊन मग पोपडे पडतात. जोत्याला, म्हणजे घराखालच्या चौथऱ्याला, सिमेंटचा गिलावा केला की हाच प्रकार होतो: पूर्वी गुडघ्यापर्यंत असलेली ओल कमरेपर्यंत चढते, आणि लोक म्हणतात भिंतच खराब आहे.

रंगाआधी एक साधी तपासणी करा. वीतभर प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर भिंत अजून ओली आहे. थेंब बाहेरून असतील तर दमटपणा खोलीतल्या हवेचा आहे, आणि तिथे खिडकी उघडणं हेच औषध. भिंत ओली असेल तर सुटलेला रंग खरवडून काढा आणि लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातील. पावसाळ्यात बांधलेल्या झडी (पाऊस अडवणारे आडोसे) अजून तशाच असतील तर सोडा, जोत्याला टेकलेली माती ओढून काढा, पागोळीचं पाणी जोत्याशी पडतंय का ते बघा. भिंत सुकेपर्यंत थांबा, मग चुना लावा. फेब्रुवारी उजाडला तरी चालेल.

दारं-खिडक्या घट्ट लावून जाणं हे याच चुकीचं दुसरं रूप. आतली ओल आतच राहते, आणि गाद्या, कपडे, कपाटामागची भिंत यांवर बुरशी धरते. चावी शेजाऱ्यांकडे द्या. आठवड्यातून एकदा, पहाटेचं दव ओसरल्यावर, त्यांनी समोरासमोरच्या खिडक्या उघडून संध्याकाळच्या आत लावल्या तरी घर बदलतं. जाण्याआधी कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा. या कामाचे पैसे शेजाऱ्यांना जरूर द्यावेत, आपुलकीवर किती ओझं टाकायचं?

वाळवी थंडीत मरते हे तर साफ खोटं. ती जमिनीखाली राहते, आणि कोकणातली जमीन तिला मारण्याइतकी कधीच गार होत नाही. चौकटीवर मातीची नळी दिसली तर मधला बोटभर भाग मोडा आणि काही दिवसांनी बघा. पुन्हा बांधलेली असेल तर वारूळ जिवंत आहे. नुसतं रॉकेल पुसून भागत नाही, भिंतीच्या तळाशी भोकं पाडून जमिनीत औषध सोडावं लागतं.

छपराचं काम मे महिन्यात करायची रीत जुनी आहे, शाकारणी, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करून घेणं, तेव्हाच व्हायची. पण तेव्हा मे महिना भरवशाचा होता. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. २०२० साली निसर्ग वादळ ३ जूनलाच रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. २०२५ मध्ये तर मे संपायच्या आतच मान्सून तळकोकणात उतरला, आणि ज्यांनी छप्पर उघडून ठेवलं होतं त्यांचे हाल झाले. त्यातून मे महिन्यात सुतार आणि कौलं फिरवणारे गडी सगळ्यांनाच हवे असतात. हिवाळ्यात एक करा. भर दुपारी खिडक्या लावून माळ्यावर उभे राहा. जिथून उन्हाचा कवडसा येतो तिथल्या वाशावर खडूने खूण करा. माकडांनी हलवलेली कौलं अशीच सापडतात. वाशांची भिंतीत शिरणारी टोकं स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, लाकूड कुजायला बहुधा तिथूनच लागतं. बदलायचं ते फेब्रुवारीत बदला.

मेसेजमध्ये वणव्याचं नावच नाही. गवत वाळलं की डोंगरउतारावर वणवे लागतात आणि आंबा-काजूच्या बागांबरोबर घरंही धोक्यात येतात. घराभोवतीचं गवत वाळायच्या आत कापून घ्या. पन्हळीतला आणि कौलांवरचा पातेरा (वाळका पाला) काढा. गवताची उडवी घराला लागून रचू नका. खळ्यात झावळांचा मांडव घातला असेल तर शेकोटी त्यापासून लांब करा. आणि कापलेलं गवत वाऱ्यात पेटवून देऊ नका, खताच्या खड्ड्यात टाका.