एकूणएक तलंग म्हणे!

तलंग, म्हणजे पुढं अंडी देणारी तरुण मादी, म्हणून विकलेलं पिल्लू पहाटे खुराड्यातून बांग देतं, तेव्हा कोणाच्या नावानं बोटं मोडायची ते सांगा मले. एक नाही, दोन नाही, अख्खं खुराडं आरवून राह्यलं आहे. अंड्याचा पत्ता नाही. बचत गटाच्या आम्ही बायांनी मिळून पिल्लं घेतली होती, आता प्रत्येकीच्या अंगणात हाच तमाशा.

आठवडी बाजारात मोटारसायकलवर पिंजरे बांधून येतो तो बाप्पा. "घ्या न ताई, डोये झाकून घ्या. पुऱ्या तलंगाच आहे." पुरावा काय, तर पिल्लाले पायाला धरून उलटं लटकवायचं. मान वर उचलली तर तलंग, लोंबकळलं तर कोंबडा. अरे, जीव आहे तो, मान वर उचलणारच! नर असो की मादी, उलटं टांगल्यावर कोणाला बरं वाटतं?

बरं, घरी आणा तर घरचे शहाणे वेगळे. सासरे म्हणतात टोकदार अंड्यातून नर निघतो, गोल अंड्यातून मादी. शेजारची काकू सुईत दोरा ओवून अंड्यावर धरते. सुई गोल फिरली तर एक, सरळ हलली तर दुसरं. अन् प्रत्येकाचा "माझं कधीच चुकत नाही" हा तोरा. जन्मणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर, निम्म्या माद्या. नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा बरोबरच येणार, त्याला अनुभव म्हणायचं का?

मग मोबाइलवाले पोट्टे. "काकू, पंख उघडून पाहा. मोठी पिसं लांब असली तर मादी." हे खरं आहे, पण कुठं? बाप लवकर पिसं फुटणाऱ्या जातीचा अन् माय उशिरा पिसं फुटणाऱ्या जातीची, अशी मुद्दाम जोडी लावली असेल तिथं. तो गुण झेड गुणसूत्रावर असतो अन् लेकीला झेड बापाकडूनच मिळतं, म्हणून लेकी बापावर जातात अन् पहिल्याच दिवशी पंखातला फरक दिसतो. आमच्या उकिरड्यावर कोण कोणाचा बाप, हे कोंबडीलेही ठाऊक नाही. गावरान पिल्लाचे पंख ताणून काय कपाळ पाहता?

नर ओळखू येत नाही असं नाही. येतो, पण उशिरा. दीड-दोन महिन्यांनी नराचा तुरा लाल अन् जाड व्हायला लागतो, चोचीखालची कातडी लोंबते. तीनेक महिन्यांनी कमरेवरची पिसं लांब, टोकदार होतात. तलंगेची गोलसर राहतात. तोवर ज्वारीच्या कण्या कोणी चारल्या? मुंगसापासून, मांजरापासून, पावसापासून कोणी राखलं? तो मोटारसायकलवाला आला होता काय राखायले?

अन् खरी आग इथं लागते, की पहिल्या दिवशी ओळखणारी माणसं जगात आहेत. १९२० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी ही विद्या काढली. एक दिवसाच्या पिल्लाची शेपटीखालची जागा हलकेच दाबून उघडायची अन् आतला बारीकसा उंचवटा पाहायचा. तरबेज माणूस शंभरात ९८ वेळा बरोबर सांगतो. अंड्याच्या जातीची हॅचरी, म्हणजे पिल्लं उबवायचा कारखाना, असेल तर निवड पहिल्याच दिवशी होते. माद्या फार्मवाल्यांकडे जातात. नर अंडी देत नाहीत अन् मांसालाही भरत नाहीत, म्हणून बरेच तिथंच मारतात. जर्मनीनं २०२२ पासून त्यावर बंदी घातली, तिथं आता अंड्यातच नर-मादी तपासतात. आपल्याकडे उरलेले नर स्वस्तात बाहेर पडतात, गुलाबी-हिरव्या रंगात बुचकळतात अन् खेड्याच्या बाजारात येतात. म्हणजे पिल्लू नर आहे हे कोणीतरी तपासून पाहिलेलं असतं. निवडून बाजूला काढलेला माल तो, अन् आमच्याजवळ येईस्तोवर त्याची तलंग होते!

पुण्यातल्या भाच्यानं येमेनकडचा शॅमेलिऑन सरडा पाळला आहे. (आपल्याकडचा रानातला पकडू नका, तो कायद्यानं संरक्षित आहे.) भाचा सांगत होता, त्या जातीच्या नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर अंड्यातून निघाल्यापासूनच बारीक काटा असतो, मादीला नसतो. म्हटलं, घ्या! रंग बदलतो म्हणून ज्याची बदनामी, तो सरडा पहिल्या दिवशी टाच दाखवून मोकळा. अन् आमच्या बाजारात जिभेला हाड नाही.

यावर सासूबाई काय म्हणाल्या? "तुझ्या हातालेच कोंबडे लागतात." कोंबडीत निदान नर की मादी हे मायवर ठरतं, तिच्याचजवळ झेड अन् डब्ल्यू दोन्ही गुणसूत्रं असतात. माणसात ठरतं बापावरून, तरी मुलगी झाली की बोल बाईलेच. घरात लेक नको अन् खुराड्यात एकही लेक नसली की आभाळ कोसळलं!

"विकून टाक न कोंबडे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले, चांगला भाव येते." हे सांगणारे तर डोक्यातच जातात. गावरान कोंबड्याला येते भाव, नाही म्हणत नाही. पण हे रंगवलेल्या जातीचे, अंगात नुसती हाडं, वजन धरत नाहीत. दिवसभर एकमेकांचे तुरे फोडतात, अन् जी एक म्हातारी कोंबडी आहे तिच्या पाठीवर पीस ठेवलं नाही मेल्यांनी.

तुले नर विकायचे आहे ना, वीक. नर म्हणून सांग, आम्ही नराचा भाव देऊ, जिला परवडलं ती घेईल. तलंगेचे म्हणून जास्तीचे मोजलेले पैसे मात्र परत दे. पुढच्या बाजारी सगळ्या बाया येऊन राह्यलो आहोत, एकेक कोंबडा काखेत घेऊन. उलटा टांगून दाखव तेव्हा.