‘जोरात पॅडल मारा, जनावर मागे पडतं’: या सल्ल्यात काय काय चुकलंय

सायकलस्वारांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय. त्यात चार गोष्टी आहेत: वन्यप्राणी दिसला तर न थांबता जोरात पॅडल मारा, घंटी वाजवत राहा, आवाजाला जनावर पळतं, रात्री डोळ्यांवर प्रखर उजेड मारा, वाट सोडतं, आणि अंगावर आलंच तर सायकल ढाल म्हणून आहेच.

‘जोरात पॅडल मारा.’ सपाटीवर सामान्य सायकलस्वार ताशी २० ते २५ किलोमीटरने जातो, चढावर ८-१० ने. अस्वल थोड्या अंतरापुरतं ताशी ५० च्या आसपास पळतं, रानडुक्कर ४० च्या. थांबलेल्या सायकलीला वेग घ्यायला काही सेकंद लागतात आणि जड गिअर लागलेला असेल तर पहिलं पॅडलच फिरत नाही. शिवाय पाठ फिरवून पळणाऱ्याच्या मागे लागायचं हे बिबट्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मुळात अशा प्रसंगात वेगानेच घात होतो. सायकल फारसा आवाज करत नाही, त्यामुळे वळणापलीकडच्या प्राण्याला तुम्ही एकदम अंगावर आल्यासारखे वाटता. २०१६ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मोंटानात एक सायकलस्वार झाडीतल्या वळणावर थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि त्यात त्याचा जीव गेला. चौकशीत वेग आणि पुढचं न दिसणं ही कारणं पुढे आली. हिशेब करून पाहा. ताशी ३० ला मेंदू सावध होईपर्यंत एका सेकंदात ८ मीटर जातात, कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागायला आणखी ७. म्हणजे १५ मीटर. ताशी ५० च्या उतारावर हेच ३३ मीटरच्या घरात जातं. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. जिथे ३३ मीटर पुढचं दिसत नाही, तिथे ५० ने जायचं नाही.

दिसलंच तर: दोन्ही ब्रेक हळूहळू आवळा, क्लीट (बूट पॅडलला अडकवणारी खाच) असतील तर पाय आधीच सोडवा, थांबता थांबता हलका गिअर लावा. उतरा, पण खाली वाकू नका, बसू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरका. हत्तीची गोष्ट निराळी. त्याच्यासमोर उभं राहून धिटाई दाखवायची नाही. शंभरेक मीटर अंतर असतानाच वळा, आणि कळप रस्ता ओलांडत असेल तर शेवटचं पिल्लू जाऊन बराच वेळ होईपर्यंत पुढे जाऊ नका.

‘घंटी वाजवा.’ बारीक किणकिण वाऱ्यात आणि ओढ्याच्या आवाजात विरून जाते. माणसाचा आवाज जास्त उपयोगी, म्हणून आंधळ्या वळणाआधी मोठ्याने बोला, हाक द्या. समोरून वारा येत असेल तर तुमचा वास पुढे पोचत नाही. त्या दिवशी जास्त बोला. मात्र प्राणी समोर उभा असताना अचानक किंचाळणं टाळा. बिबट्या जागचा हलत नसेल तर खणखणीत, ठाम आवाजात बोला.

‘डोळ्यांवर उजेड मारा.’ हरीण प्रखर उजेडात वाट सोडत नाही, उलट रस्त्याच्या मधोमध थिजून उभं राहतं. दिव्याचा खरा उपयोग आधी दिसण्यासाठी. बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यांमागचा चमकता थर उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतो, म्हणून दिवा आपल्या डोळ्यांजवळ असेल तर चमक लवकर दिसते. हँडलवरचा दिवा रस्त्यासाठी, हेल्मेटवरचा छोटा दिवा दोन्ही कडा धुंडाळण्यासाठी. डोळे चमकले की झोत खाली जमिनीवर घ्या. रानडुकराच्या डोळ्यात हा थर नसतो; तिथे फक्त कमी वेग कामाला येतो.

‘सायकल ढाल आहे.’ अर्धं खरं. सायकल आडवी धरा, एक हात हँडलवर, दुसरा सीटवर, साखळीची बाजू प्राण्याकडे, म्हणजे धडपडीत दात्यांनी आपलीच नडगी फाटत नाही. पण भरवसा किती ठेवायचा? २०१८ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन राज्यात दोघा सायकलस्वारांनी थांबून आरडाओरडा केला, कूगरला (तिकडच्या एका मोठ्या रानमांजराला) सायकलीने मारलंही. तो पळाला आणि परत आला. एकावर झडप घातली, दुसरा पळाला तसा पहिल्याला सोडून त्याच्या मागे गेला, आणि त्या दुसऱ्याचा जीव गेला. म्हणून प्राणी दिसेनासा झाला तरी लगेच पाठ फिरवून सायकलवर बसू नका. जोडीदाराला चिकटून, त्याच दिशेला लक्ष ठेवून सरका. अस्वलांच्या भागात, जिथे परवानगी आहे तिथे, मिरचीचा फवारा हाताशी हवा. मागच्या पिशवीच्या तळाशी ठेवलेला नसल्यासारखाच. तो साधारण ७ ते ९ मीटरवर पोचतो.

या संदेशात शिकारी प्राण्यांचीच भीती आहे, पण गवत खाणारे निरुपद्रवी प्राणीही पाडतात. २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ॲल्बर्ट फॉल्सजवळ एका शर्यतीत लाल हार्टबीस्ट (हरणासारखा एक मोठा प्राणी) बाजूने धावत आलं आणि स्पर्धकाला सायकलसकट उडवलं. त्याला पाठलाग वगैरे काही करायचा नव्हता, त्याची वाट शर्यतीच्या मधून जात होती इतकंच. हरणं सहसा एकटी नसतात. एक रस्ता ओलांडून गेलं की ब्रेक सोडू नका, ते आलं त्या बाजूला आधी बघा.